बाकांना मागणी आली

३ फेब्रुवारी

सौ. ताईस धाकट्याचा नमस्कार.

फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि चौथ्याला कुणीतरी फोन ठेवून देतो, म्हणून कागद घेतला. आधी शेवटपर्यंत वाच, मग चीड.

मंडळीच्या सभेत नकाशा एकदाचा मंजूर झाला. व्हिक्टोरिया राणीच्या काळात बांधलेलं आपलं चर्च आता आजच्या माणसांना बसता येईल असं होणार. काळी बाकं निघतील, सगळी जमीन एका पातळीत येईल, तिच्याखालून गरम पाण्याच्या नळ्या जातील, हलवता येतील अशा खुर्च्या येतील. मागे काचेचं दार, भिंतीवर पडदा, चाकाच्या खुर्चीसाठी उतार. कमानी, रंगीत काचा आणि वेदी यांना कुणी हात लावणार नाही. गेल्या हिवाळ्यात माणसं उपासनेला कोटाच्या खिशात हात घालून बसायची आणि आमेन म्हणताना तोंडातून वाफ यायची. नंतर नंतर तेवढीही येईनात. हे काम झालं नाही तर वरिष्ठ चर्चला कुलूप लावून आम्हाला शेजारच्या मंडळीत मिसळून टाकणार आहेत.

आता मुद्द्याचं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यायला हवी असतील तर स्वयंपाकघर आणि शौचालयं हवीतच. त्या अख्ख्या दगडी इमारतीत पाणी आणि गटार एकाच ठिकाणी आहे, उत्तरेच्या भिंतीला चिकटलेल्या बाबांच्या दोन खोल्यांत. आर्किटेक्टने घंटाघराखालची जागा पाहिली, तिथे खणलं तर पाया उघडा पडेल म्हणतो.

सेवकाच्या त्या खोल्या बाबा निवृत्त झाल्यावरही मंडळीने त्यांच्याकडे ठेवल्या, पण कायमच्या कुणी दिल्या नव्हत्या. माझ्याकडची गत तू पाहिली आहेस. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, दोन मुलं, आणि पाळकाला दिलेलं घर म्हणजे काडेपेटी. तुमचं घर मोठं आहे आणि तुम्ही दोघंच आहात. एप्रिलमध्ये भिंत फोडायची आहे, त्याआधी बाबांना तुझ्याकडे आणून सोडतो.

त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. काल बाकांना तेल लावत बसले होते. मी खुणेनं म्हटलं, राहू द्या. म्हणाले, "जायचीच आहेत तर कोरडी कशाला जायची?" बाकांचं त्यांनी कसंबसं गिळलंय. खोल्यांचं सांगायला माझी जीभ रेटत नाही. भरल्या सभेत तासभर बोलणारा मी, बापासमोर दातखीळ बसते.

एक गोष्ट मात्र खास त्यांच्यासाठी आहे. नव्या जमिनीखालून एक तार फिरवणार आहेत. मायक्रोफोनमध्ये बोललेलं त्या तारेतून थेट कानातल्या यंत्रात येतं, मधला गोंगाट येत नाही. जन्मभर घंटा वाजवून त्यांचे कान गेले, आता चर्चने घेतलेलं चर्चच थोडंफार परत करेल.

उलट टपाली 'हो' कळव.

धाकटा


१७ फेब्रुवारी

धाकट्या,

शेवटपर्यंत वाचलं, मग चिडले. तू सांगितलंस तसंच केलं.

बाबा म्हणजे काय कपाट आहे, की इथून उचललं आणि तिथे ठेवलं? आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबांचे गुडघे कसे आहेत ते तू रोज बघतोस. एकदा वर चढले की खाली उतरायचं नाव नको. माझ्या ड्यूट्या उलटसुलट, तुझे भाऊजी सारखे बाहेरगावी. दिवसभर एकटा माणूस, दार वाजलं तरी ऐकू येणार नाही, तो त्या घरात करणार काय? आत्ता नको. पुढे बघू.

आणि चाकाच्या खुर्चीला उतार, मुलांना खोली, सगळ्यांना जागा, फक्त जन्मभर ज्यानं तळघरातल्या बॉयलरला कोळसा घातला त्यालाच नाही? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आई त्याच खोलीत गेली. रविवारचं गाणं तिला भिंतीतून ऐकू यायचं, म्हणून तिनं दवाखान्यात जायचं नाकारलं. तू तेव्हा शिकायला बाहेर होतास. हे तुला टोचायला लिहीत नाही. बरं, थोडं टोचायलाच लिहितेय.

एक ऐक. मी नर्स आहे, हे रोज बघते. वाईट बातमी माणूस पचवतो, पण तीच दाराआडून कानावर आली की पचत नाही. जे काय असेल ते समोर बसून, त्यांच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून, तू स्वतः सांग.

यापुढे पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर टाक. आमच्या टपालपेटीचं कुलूप बिघडलंय.

ताई


६ मार्च

सौ. ताईस नमस्कार.

तू लांब बसून उंटावरून शेळ्या हाकतेस. इथे रोज धूळ मी खातो.

बाकं गेली. नदीपलीकडच्या सुताराने सगळी एकगठ्ठा मागून नेली. म्हणाला, असलं लाकूड आता जन्मात पुन्हा हाताला लागणार नाही. ट्रक भरेपर्यंत बाबा दारातून हलले नाहीत. एका बाकाचा पाय पायरीला घासला तर सुतारावर ओरडले. तोही भला माणूस, त्यानं मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि पुढची प्रत्येक दोरी बाबांना विचारून बांधली.

परवा तारेची चाचणी झाली. स्पीकर अजून लागलेले नाहीत, त्यामुळे कानात यंत्र नसलेल्याला काहीच ऐकू येत नाही. वायरमनने बाबांना रिकाम्या चर्चच्या मधोमध खुर्ची टाकून बसवलं आणि त्यांच्या यंत्राची कळ फिरवून दिली. मी कॉलरला छोटा बिनतारी मायक्रोफोन लावून वेदीपाशी उभा राहिलो आणि नेहमीच्या आवाजात शास्त्रपाठ वाचायला लागलो. बाबांची मान एकदम वर झाली. ताई, मी पाळक झाल्यापासून त्यांनी माझं एकही प्रवचन ऐकलेलं नाही, नुसते ओठ हलताना पाहिलेत. मला इतकं भरून आलं की पाठ संपल्यावरही मी बोलतच राहिलो. थांबलो तेव्हा म्हणाले, "बोलतोस चांगलं. लांबवतोस मात्र."

त्या आनंदावर विरजण घालायला माझं मन झालं नाही. मी झगे ठेवायच्या आतल्या खोलीत गेलो. तिथे तुझी वहिनी डबा घेऊन आली होती. तिनं विचारलं, ताईंचं काय ठरलं? तुझं पत्र आठवलं आणि माझं डोकं फिरलं. जे बोललो ते तुला कळू दे, कारण त्यात निम्मा दोष तुझा आहे. मी म्हणालो, ताईला तिसरा मजला आडवा येतो, मला सासूबाई आडव्या येतात, आणि खोल्या तर पाडायच्याच आहेत. बाकांना तरी मागणी आली, बाबांना कुणाचीच मागणी नाही.

बाहेर आलो तर बाबा त्याच खुर्चीवर बसलेले. मला पाहिलं. मग उठले, जवळ आले आणि माझ्या कॉलरचा मायक्रोफोन अलगद काढून माझ्या हातावर ठेवला. लहानपणी शाळेत जाताना माझं बटण नीट करायचे, अगदी तसं. अशा माणसाला कुठे ठेवायचं, तूच सांग.

धाकटा


१५ मार्च

धाकट्या,

असलं वाक्य तोंडातून निघालं ते निघालं, ते पुन्हा कागदावर उतरवून मला पाठवताना तुझा हात अडखळला नाही? मागणी म्हणे. बाप काय बाजारात मांडलाय?

निम्मा दोष माझा म्हणतोस, तर घेते. पण माझ्या काही अडचणी आहेत आणि त्या पत्रात मावत नाहीत. जूनपर्यंत भिंत थांबव. तोवर मी कुठेतरी जागा जमवते. कशी ते विचारू नकोस.

त्यांना सांगितलंस का? एका शब्दात उत्तर दे.

कुलूप अजून तसंच आहे.

ताई


२ एप्रिल

सौ. ताईस नमस्कार.

एका शब्दात, नाही. सांगायची वेळच आली नाही. बातमी चांगली आहे, निवांत बसून वाच.

गेल्या रविवारी उपासनेनंतर मंडळीची सभा भरली. मी नकाशा उलगडतोय तेवढ्यात बाबा उठून उभे राहिले. म्हणाले, "उत्तरेच्या खोल्या मी सोडतो. एका म्हाताऱ्यासाठी काम अडवू नका. मी बोटवाल्याकडे राहायला जातो, त्यानं कधीचं बोलावलंय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बोटवाले काका आठवतात ना तुला? वरच्या धक्क्यावर होडी चालवायचे, आपल्याला फुकट फिरवायचे. दोघे म्हातारे आता गळ टाकून बसतील. तुझा जिना चढायला नको आणि माझी काडेपेटी नको. मी इतका सुटलो की कालपासून शीळ घालतोय.

खोल्यांचं त्यांना सांगितलं कुणी, कोण जाणे. आर्किटेक्टची माणसं फिती लावून मापं घेत होती, त्यावरून ताडलं असेल.

काल निघाले. एक पेटी, आईची रजई आणि पाटी. पोचवायला येतो म्हटलं तर नको म्हणाले, तुला कामं आहेत. कानातलं यंत्र टेबलावर राहिलं होतं, मी धावत जाऊन बसथांब्यावर दिलं. ते परत माझ्या हातात ठेवून म्हणाले, "राहू दे तुझ्याकडे. ऐकायचं ते ऐकून झालं." म्हातारपणी माणसाला अशी विरक्ती यावी, मला ते फार सुंदर वाटलं. पुढच्या प्रवचनात सांगणार आहे.

आज सकाळी भिंत फोडायला घेतली.

धाकटा


६ एप्रिल

धाकट्या,

तुझा फोन लागत नाही, वहिनींचा कुणी उचलत नाही. कुरिअरवाल्याच्या हातापाया पडलेय, आजच पोचव म्हणून.

बोटवाले काका कधीच वारले. त्यांच्या सुनेनं मला कळवलं होतं. तेव्हा आपलं बोलणं बंद होतं म्हणून तुला सांगितलं नाही. पण बाबांना मी त्याच आठवड्यात लिहिलं होतं आणि त्यांचं उत्तरही आलं होतं. बाबांना माहीत आहे. धाकट्या, आपला बाप मेलेल्या माणसाकडे राहायला जातो असं सांगून घरातून निघालाय.

तुझं मार्चचं पत्र पुन्हा काढून वाचलं. तू आत जाऊन वहिनींशी बोललास तेव्हा मायक्रोफोन तुझ्या कॉलरलाच होता. चालू होता. स्पीकर नव्हते म्हणून वहिनींना कळलं नाही, तुला कळलं नाही. ते ऐकू येणारा त्या इमारतीत एकच माणूस होता आणि त्याला तू खुर्चीवर बसवून आला होतास. म्हणून त्यांनी तो काढून तुझ्या हातावर ठेवला. मलाही पहिल्यांदा वाचताना दिसलं नाही. मी त्या वाक्यावर चिडण्यात गुंग होते.

आधी नदीकडे बघ. मग दवाखाने.

आता माझं ऐक. जिना आहे, पण मी त्या घरात नाही. जानेवारीत घर सोडलं. तुझे भाऊजी बाहेरगावी नसतात, घरीच असतात, आणि ते असताना मला तिथे राहणं शक्य नव्हतं. किती वर्षं शक्य नव्हतं ते विचारू नकोस. नर्सांच्या वसतिगृहात एक खाट मिळालीय. पुरुषांना फाटकाच्या आत सोडत नाहीत, बापालाही नाही. कुलूपबिलूप काही बिघडलेलं नाही. सांगितलं असतं तर तू प्रवचन दिलं असतंस आणि बाबांनी हाय खाल्ली असती, असं वाटलं म्हणून गप्प बसले.

सापडले की आधी फोन कर. भांडणार नाही.

ताई


१० एप्रिल

प्रिय ताई,

फोनवर "सापडले" एवढंच बोलता आलं, पुढे तू रडायला लागलीस आणि मीही. बाकीचं लिहितो.

तुझं पत्र हातात पडलं तसाच पळालो. वरच्या धक्क्यावर काकांची सून भेटली. म्हणाली, आले होते, काकांच्या उपड्या होडीवर बराच वेळ बसले, चहा घेतला नाही, मग पुलाकडे गेले. पुलाच्या मध्यावर उभा राहून मी खाली पाण्यात बघत होतो. काय शोधतोय ते मनातसुद्धा म्हणवत नव्हतं. मान वर केली तर पलीकडच्या काठावर सुताराची वखार दिसली.

आत आपली बाकं छतापर्यंत रचलेली. दोन बाकं समोरासमोर जोडून त्यांत आईची रजई पसरलेली. बाबा जमिनीवर बसून एका बाकाच्या पोटाला चिकटलेलं च्युइंगम पत्र्याच्या पट्टीनं खरवडत होते. सुतार मला बाजूला घेऊन म्हणाला, "स्वतःच आले. म्हणाले, तुम्ही बाकं मागून नेलीत, त्यांच्याबरोबरचा एक माणूस न्यायचा राहिला होता." ताई, मी जाऊन बाबांच्या समोर भुशात बसलो.

पाटीवर लिहिलं, 'मी चुकलो.' त्यांनी वाचलं, फडक्यानं पुसलं आणि पुन्हा खरवडायला लागले. यंत्र पुढे केलं, त्याला हात लावला नाही. तुझं काही लिहिलं नाही. ते पाटीवर लिहायचं धैर्य झालं नाही.

खोल्या गेल्या. आईच्या खोलीची तिसरी भिंत मी तुला मागचं पत्र लिहीत होतो तेव्हाच पडली. तिथे आता नुसती नळांची तोंडं आहेत.

सुताराच्या हाती निरोप पाठवलाय की तार पुन्हा तपासायची आहे आणि ती त्यांच्याच कानांनी तपासता येते. हे खोटं नाही, वायरमनलाही तेच हवंय. काम आहे म्हटलं की ते येतील. काय बोलायचं ते मला माहीत नाही. काही तयार न करता उभा राहण्याची ही माझी पहिलीच वेळ.

धाकटा


२१ एप्रिल

चि. थोरलीस बाबांचा आशीर्वाद.

मला लिहायचा कंटाळा. पण तुम्ही दोघांनी माझ्याबद्दल एवढे कागद काळे केलेत, म्हटलं एक आपलाही असू दे.

तार तपासायला गेलो. धाकट्यानं यंत्र दिलं, काम होतं म्हणून लावलं. मधोमध बसलो. जमीन खालून ऊबदार झालीय, पायांना बरं वाटतं. बाकं नसल्यानं कमानी मोठ्या दिसतात. हे मी त्याला सांगणार नाही, वाटलं तर तू सांग.

धाकटा समोर उभा राहिला, तोंड उघडलं, मिटलं. मग आत गेला, त्याच खोलीत, आणि दार लावून घेतलं. तिथून बोलला. लहानपणी काच फोडली की कोळशाच्या तळघरात लपायचा आणि तिथून ओरडून कबूल करायचा, ती खोड गेलेली नाही. सगळं बोलला. मध्ये बराच वेळ नुसतं नाक ओढत होता, तेही स्पष्ट ऐकू आलं. तार उत्तम आहे. लांबवलं नाही या वेळी. बाहेर आला तेव्हा मी त्याच्या कॉलरचं ते काढलं आणि त्याचं डोकं माझ्या खांद्यावर घेतलं. झालं ते झालं.

त्यातच त्यानं तुझं सांगितलं. वसतिगृह, खाट, फाटक. ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पोरी, आधीच्या वेळी तारेतून जे ऐकलं ते लागलं, नाही कशाला म्हणू. पण खोल्या मी रुसून सोडल्या नाहीत. मला वाटलं, त्या माझ्याशिवाय कुणालाच लागत नाहीत. एकट्या म्हाताऱ्यानं किती धरून बसायचं? तू घर सोडून परक्या खाटेवर निजतेस, हे कुणी एका शब्दानं कानावर घातलं असतं, तर मी उत्तरेच्या दाराला पाठ लावून बसलो असतो. अख्खी मंडळी, तुझा भाऊ आणि त्याचा आर्किटेक्ट, सगळे मिळूनही मला तिथून उठवू शकले नसते. ते तुझं माहेर होतं. तुला त्याची गरज होती तेव्हाच मी ते भर सभेत देऊन टाकलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाईट वाटतं ते एवढ्याचंच.

धाकटा म्हणतो, सासूबाईंची खाट सरकवतो, घरी चला. त्या बिचारीला कशाला हलवतोस म्हटलं. सुताराच्या वखारीवर माळा आहे. खिडकी नदीकडे उघडते आणि तिथून घंटाघर दिसतं. बाकांचं काम बरेच दिवस पुरेल. त्यांतल्याच लाकडाच्या मी दोन खाटा केल्यात, फळ्या चांगल्या तासल्यात, टोचणार नाहीत. आईची रजई तुझ्या खाटेवर घातलीय. इकडच्या दवाखान्यात नर्स हव्या आहेत, सुताराची बायको विचारून आली.

धाकट्यानं तुझ्या वहिनीला तुझ्या तिसऱ्या मजल्याचं सांगितलेलं मी ऐकलंय. ते माझ्या गुडघ्यांमुळे, हे कळलं. माळ्याला जिना नाही, शिडी आहे. मी रोज चढतो.

यंत्र परत घेतलंय. आलीस की जे असेल ते समोर बसून सांग, सगळं ऐकेन. पण कामात असलो की मी ते काढून ठेवतो, तेव्हा खालून हाका मारत बसू नकोस. शिडी हलव. मला कळतं.

बाबा